भरती कोणत्या कलमाखाली?

घरातल्या माणसाला मानसोपचार रुग्णालयात दाखल करायची वेळ आली की काउंटरवर दोनच गोष्टी बोलल्या जातात. बेड आहे का आणि डिपॉझिट किती. रात्रभर जागलेले, घाबरलेले, कधी मार खाल्लेले नातेवाईक त्यापुढे काही विचारण्याच्या अवस्थेत नसतात, हे खरंच आहे. तरीही पहिली सही करण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा : ही भरती कोणत्या कलमाखाली होते आहे? माणूस किती दिवस आत राहणार, बाहेर कोण काढू शकणार, कोणाला कळवायचं आणि पैशांच्या वादात तुमची बाजू किती भक्कम राहणार, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. उत्तर तोंडी मिळालं तर केसपेपरवर लिहून मागा.

सध्या लागू आहे तो मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याआधीच्या १९८७ च्या कायद्यात न्यायदंडाधिकाऱ्याकडून ‘रिसेप्शन ऑर्डर’ घेऊन माणसाला भरती करण्याची वाट होती, आणि अजूनही गावाकडची मंडळी ‘कोर्टाचा कागद कुठून काढायचा’ असं विचारत येतात. आता नेहमीच्या भरतीसाठी कोर्टात जावं लागत नाही. देखरेखीचं काम एका जिल्ह्यासाठी किंवा काही जिल्ह्यांसाठी मिळून नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आलं आहे. जिल्हा न्यायाधीश, निवृत्त जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पदाची पात्रता असलेला न्यायिक अधिकारी मंडळाचा अध्यक्ष असतो. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि दोन सदस्य असे की ज्यांनी हा आजार स्वतः भोगला आहे, घरात सांभाळला आहे किंवा या क्षेत्रात संस्थेतर्फे काम केलं आहे. हे शेवटचे दोन सदस्य मला या कायद्यातली सगळ्यात शहाणी तरतूद वाटते.

भरतीचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला, रुग्ण स्वतःहून दाखल होतो तो. कलम ८६. कायद्याची अपेक्षा अशी की शक्य तितक्या भरती याच प्रकारच्या असाव्यात. असा रुग्ण ‘मला घरी जायचंय’ म्हणाला की त्याला सोडावं लागतं. प्रकृती बिघडून तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं, तर तपासणीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवता येतं. तेवढ्या वेळात डॉक्टरांनी ठरवायचं : एक तर सोडा, नाही तर पुढच्या प्रकारात रीतसर भरती करा.

दुसरा प्रकार कलम ८९ चा. रुग्णालयातली मंडळी याला ‘सपोर्टेड अ‍ॅडमिशन’ म्हणतात. रुग्णाची संमती देण्याची क्षमता त्या वेळी नसते आणि त्याच्या वतीने नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांबाबत त्याच्या बाजूने बोलायला ठरलेला माणूस, अर्ज करतो. इथे दोन जणांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलेलं असलं पाहिजे, भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच, दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक किंवा डॉक्टर चालतो. एकाच डॉक्टरने दोन्ही ठिकाणी सह्या केल्या असतील तर ती भरती कच्ची. मुदत ३० दिवस. तीस दिवसांनंतरही ठेवायचं असेल तर तिसरा प्रकार, कलम ९०. त्यासाठी दोन मानसोपचारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते आणि मंडळाची परवानगी लागते. ही परवानगी आधी ९० दिवसांपर्यंत, मग १२० आणि त्यापुढे दर वेळी १८० दिवसांपर्यंत मिळू शकते. डिस्चार्ज देऊन सात दिवसांच्या आत पुन्हा भरती केली तरी ती कलम ९० मध्येच धरली जाते, म्हणजे घरी दोन दिवस नेऊन आणलं आणि घड्याळ शून्यावर आलं असं होत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांची भरती वेगळी असते. ती ७२ तासांच्या आत मंडळाला कळवावी लागते, आणि मुलासोबत पालक किंवा प्रतिनिधीने राहायचं असतं.

घरी कॅलेंडर लावा

समजा तुमची बहीण ४ जूनला कलम ८९ खाली दाखल झाली. रुग्ण स्त्री असेल तर रुग्णालयाने तीन दिवसांत, म्हणजे ७ जूनपर्यंत, मंडळाला कळवायचं असतं. पुरुषाच्या बाबतीत सात दिवस. तिची संमती देण्याची क्षमता परत आली आहे का, हे दर सात दिवसांनी तपासून नोंदवायचं असतं. ती परत आली असेल तर पुढचे उपचार तिच्या होकारानेच व्हायला हवेत. ३ जुलैला तीस दिवस भरतात. त्या दिवशी एक तर डिस्चार्ज, किंवा ती स्वतःच्या मर्जीने थांबली म्हणून कलम ८६ ची नोंद, किंवा कलम ९० ची कागदपत्रं. चौथा पर्याय नाही. कलम ९० झालं तर ते सात दिवसांत मंडळाला कळवायचं आणि मंडळाने २१ दिवसांत होकार द्यायचा किंवा सोडण्याचा आदेश द्यायचा.

या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. मी हे सांगतो तेव्हा लोकांना वाटतं की मी रुग्णालयाविरुद्ध भांडायला शिकवतोय. तसं नाही. चांगल्या रुग्णालयात या नोंदी आपोआप होतात आणि तुम्ही विचारलंत तर तिथले समाजसेवा अधीक्षक खूशच होतात, कारण नातेवाईक विचारपूस करत राहिले म्हणजे माणूस बरा झाल्यावर घरी नेला जाईल याची त्यांना खात्री वाटते. तक्रार पडून राहते ती जिथे कुणीच विचारत नाही तिथे.

भरतीबद्दल आक्षेप असेल तर रुग्ण स्वतः, त्याचा प्रतिनिधी किंवा त्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्था मंडळाकडे अर्ज करू शकते. अर्जाला शुल्क नाही. मंडळाचा पत्ता आणि फोन रुग्णालयात सर्वांना दिसेल असा लावलेला असला पाहिजे, अर्जाचा फॉर्म रुग्णालयाने दिला पाहिजे आणि मंडळाला फोन करायचा असेल तर तो रुग्णाला फुकट करू दिला पाहिजे. हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. भेटीला जाल तेव्हा तो फलक शोधा. सापडला नाही तर तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

व्यसनमुक्तीचं ‘पॅकेज’

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दारू आणि अमली पदार्थांच्या वापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येतच येतात. तरीही काही व्यसनमुक्ती केंद्रांची रीत ठरलेली : तीन महिन्यांचं किंवा सहा महिन्यांचं पॅकेज, सगळे पैसे आधी, पहिला महिनाभर भेट बंद. पहाटे चार धडधाकट माणसं गाडी घेऊन येतात, झोपेतल्या नवऱ्याला उचलतात, आणि बायको दाराआडून बघत राहते. तिला सांगितलेलं असतं की सही केली आहे ना तुम्ही, आता काळजी करू नका.

त्या सहीला किती अर्थ आहे? तो माणूस शुद्धीवर आल्यानंतर, संमती देण्याच्या स्थितीत असताना, ‘मला इथे राहायचं नाही’ म्हणत असेल तर त्याला कोंडून ठेवायला घरच्यांची सही पुरत नाही. संमतीची क्षमता नसेल तर कलम ८९, दोघांची तपासणी, ३० दिवसांची मर्यादा आणि मंडळाला खबर. नव्वद दिवसांचं पॅकेज हा त्या केंद्राचा दर झाला. डांबून ठेवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. पैसे भरण्याआधी केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी बघा, प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असायला हवं. मानसोपचारतज्ज्ञ तिथे कोण, कोणत्या वारी येतात, हे विचारा. साखळीने बांधणं कायद्याने पूर्ण बंद आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत आगीत २८ माणसं मेली, ती साखळ्यांत होती म्हणून. त्यानंतर देशात कायदे बदलले, पण ‘रात्री तेवढं बांधतो, तो पळतो’ हे वाक्य अजूनही सहज ऐकू येतं. ते ऐकलंत तर दुसरं ठिकाण बघा.

नोंदणीशिवाय केंद्र चालवणाऱ्याला पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे, दुसऱ्या वेळी दोन लाखांपर्यंत आणि पुढे पाच लाखांपर्यंत. काही केंद्रांची कमाई बघता पहिला दंड फारच किरकोळ आहे, हे माझं मत.

आता पैशांचं

महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. ती सार्वजनिक आरोग्य विभाग चालवतो. या विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले. त्याहीपेक्षा पक्का आधार केंद्रीय कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, तसंच निराधार आणि बेघर माणसाला सरकारी आणि सरकारी अनुदानावरच्या मानसिक आरोग्य संस्थांत मोफत उपचार मिळण्याचा हक्क आहे. ‘कार्ड असो वा नसो’ हे शब्द लक्षात ठेवा. पिवळं रेशनकार्ड गावी राहिलं म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. बेळगाव भागातली मराठी कुटुंबं बहुधा धारवाडला जातात. राज्य बदललं तरी कायदा केंद्राचा असल्याने वरची सगळी कलमं आणि मुदती तिथेही त्याच.

खाजगीत जायचं असेल तर आधी जवळ ट्रस्टचं रुग्णालय आहे का ते पाहा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर पहिल्या गटात, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुसऱ्या गटात. मानसोपचार विभाग असलेल्या मोठ्या ट्रस्ट रुग्णालयांत लोक ही सवलत हृदयाच्या ऑपरेशनला मागतात आणि मानसोपचाराला मागायला विसरतात, किंवा लाजतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला भरतीच्या वेळीच द्या. डिस्चार्जच्या दिवशी दाखला काढला की वाद सुरू होतो.

बिल हातात आलं की ओळ न् ओळ वाचा. बेड, तज्ज्ञांच्या भेटी, औषधं, लॅब, अटेंडंट. क्लोझापीन सुरू असेल तर सुरुवातीला दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी होते, लिथियम असेल तर त्याची रक्तातली पातळी पाहतात. हा खर्च योग्यच आहे. अटेंडंटचा रोजचा आकार मात्र कोणाच्या सांगण्यावरून लागला आणि किती दिवस लागला, हे विचारा. शॉक ट्रीटमेंटचा, म्हणजे ईसीटीचा, आकार आहे आणि भूलतज्ज्ञाची फी कुठेच दिसत नाही असं असेल, तर पैसे वाचले म्हणून खूश होऊ नका. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला बंदी आहे. फी पॅकेजमध्ये धरली आहे का हे विचारून घ्या आणि भूल दिल्याची नोंद मागा. डिस्चार्जनंतरची औषधं वर्षानुवर्षं चालतात, तेव्हा डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातली जेनेरिक घेतली तर महिन्याचा खर्च चांगलाच उतरतो.

विम्याचा मुद्दा स्वतंत्र आहे. कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे, आणि विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये तशी सूचना कंपन्यांना दिली. तरी ‘मानसिक आजार वगळलेला आहे’ या एका ओळीवर दावे नाकारले गेले. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा नकार बेकायदा ठरवला आणि नियामकालाही देखरेख नीट न केल्याबद्दल सुनावलं. तेव्हा पॉलिसी जुनी असली, तिच्यात ती ओळ छापलेली असली, तरी दावा करा. अडचण येते ती दुसरीकडे. बहुतेक पॉलिसींना २४ तासांची भरती लागते, ओपीडीचा खर्च त्या देत नाहीत. ‘नुसत्या निरीक्षणासाठी ठेवलं होतं’ असं कारणही कंपन्या पुढे करतात. म्हणून डिस्चार्ज समरीत निदान, भरतीची गरज का पडली आणि रोज काय उपचार झाले, हे स्पष्ट लिहून घ्या. कंपनीने नकार दिला किंवा तक्रारीला महिनाभरात उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा.  फी नाही, वकील लागत नाही.

प्रतिनिधीला चेकबुक मिळत नाही

नामनिर्देशित प्रतिनिधी झालं म्हणजे सगळे अधिकार आले, असा एक समज आहे. प्रतिनिधी उपचारांबद्दल बोलू शकतो, भरतीचा अर्ज करू शकतो, मंडळासमोर उभा राहू शकतो. रुग्णाच्या बँक खात्यातून बिलासाठी पैसे काढण्याचा अधिकार त्याला या कायद्याने दिलेला नाही. मुखत्यारपत्र असेल तर? करार कायद्यानुसार ते करून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी ते निकामी. मग पालकत्वासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. ज्याला वारंवार आजाराचे झटके येतात अशा माणसाने बरा असताना खातं कुणा विश्वासूबरोबर ‘दोघांपैकी कोणीही’ अशा पद्धतीने संयुक्त करून ठेवावं. तो निर्णय त्याचा असावा, त्याच्यावर लादलेला नसावा, कारण मालमत्तेच्या भांडणात ‘वेडा ठरवून’ सह्या घेण्याचे प्रकार घडतात. न्यायदंडाधिकारीही नुसत्या नातेवाइकांच्या म्हणण्यावर कुणाला वर्षभर आत टाकू शकत नाही. तो तपासणीसाठी सरकारी संस्थेत पाठवू शकतो, आणि तेवढ्यासाठी दहा दिवसांपर्यंत ठेवायला सांगू शकतो.

बिल थकलं तर? रुग्णालयाचे पैसे द्यायचे असतात, त्यात शंका नाही. पण माणसाला आत ठेवण्याची कारणं कायद्यात मोजून दिलेली आहेत आणि त्यांत थकलेलं बिल नाही. ‘पैसे भरा मग पेशंट न्या’ असं कुणी म्हणालं तर डिस्चार्जची मागणी लेखी द्या, पोच घ्या, मंडळाला आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवा. मानसिक आजार असलेल्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क आहे, हेल्पलाइन १५१००. थकबाकीसाठी हप्ते बांधून घ्या किंवा वाद दिवाणी न्यायालयात जाऊ द्या. भारतीय न्याय संहितेत बेकायदा डांबून ठेवणं हा गुन्हा आहे, याची नम्रपणे आठवण करून दिली की बहुतेक ठिकाणी आवाज खाली येतो.

ज्याचं कुणीच नाही

रस्त्यावर भटकणारा, मळलेल्या कपड्यांतला, स्वतःशी बोलणारा माणूस दिसला तर ११२ ला फोन करता येतो. त्याला संरक्षण देणं पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. चोवीस तासांत त्याला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं आणि लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं. बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा असतो. डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने अशी कित्येक माणसं परप्रांतातल्या घरी पोचवली. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना त्याच कामासाठी मिळाला.

बरं झाल्यावर घरचे न्यायला येत नाहीत, ही सगळ्या मनोरुग्णालयांची जुनी कळ. अशा बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात हलवण्याची पद्धत ताबडतोब थांबवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्राला बजावलं. कायद्यात समाजात राहण्याचा हक्क आहे, घरच्यांनी टाकलं म्हणून कुणी संस्थेत खितपत पडू नये असंही म्हटलं आहे. पण त्यासाठी लागणारी निवारागृहं अजून फार कमी आहेत. आपल्या आमदाराला, जिल्हाधिकाऱ्यांना, महापालिकेला विचारायचा प्रश्न हा आहे.

शेवटी एक काम, जे आजच करता येईल. घरात कुणाला हा आजार असेल आणि सध्या त्याची प्रकृती ठीक असेल, तर त्याच्याशी बोला आणि त्याला साध्या कागदावर आपला नामनिर्देशित प्रतिनिधी लिहू द्या. सही किंवा अंगठा पुरतो, स्टॅम्पपेपर लागत नाही, आणि त्याला वाटेल तेव्हा नाव बदलता येतं. मुलगा अमेरिकेत असेल तर त्याचं नाव भावनेपोटी घालू नका. रात्री दोन वाजता रुग्णालयात येऊ शकेल अशी शेजारची मावशी किंवा गल्लीतला मित्र बरा, फक्त त्याची तयारी विचारून घ्या. कागदाची एक प्रत डॉक्टरांच्या फाइलला लावा आणि एक घरातल्या कपाटात ठेवा.